चिंपांझी मागे का राहिले?

प्रश्न : चिंपांझी हुशार असतात, अवजारं वापरतात आणि नकला करण्यात पटाईत असतात. मग माणसासारखी त्यांची प्रगती का झाली नाही?

उत्तर : तुमच्या पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. गोम आहे ती तिसरीत.

चिंपांझींच्या टोळ्यांना आपापल्या चालीरीती असतात. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलातले चिंपांझी कठीण कवचाची फळं दगडाने फोडतात. टांझानियातल्या गोंबेचे चिंपांझी वारुळात काडी घालून वाळवी काढतात. पिल्लं हे आईजवळ बसून शिकतात. पण ताईत उत्खननात सापडलेले चिंपांझींचे दगड सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीचे आहेत, आणि तिथे आजही फळं दगडानेच फोडली जातात.

आता नकलेचं पाहू. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांचा २००५ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. युगांडातले चिंपांझी आणि स्कॉटलंडमधली तीन-चार वर्षांची मुलं यांच्यासमोर एक पेटी ठेवली. दाखवणारी व्यक्ती काठी आधी वरच्या भोकात खुपसायची, मग पुढचं दार उघडून खाऊ काढायची. पेटी अपारदर्शक होती तेव्हा चिंपांझींनी दोन्ही कृती केल्या. पारदर्शक पेटीत मात्र वरच्या भोकाचा खाऊशी संबंध नाही हे दिसत होतं. तिथे बहुतेक चिंपांझींनी पहिली कृती गाळली. मुलं मात्र तिथेही काठी खुपसत राहिली!

म्हणजे मुलं मठ्ठ? मुळीच नाही. ही शहरी मुलांची सवय आहे, असंही म्हणता येत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कलहारीतली बुशमन मुलंही अशीच वागली.

या सवयीचा मोठा फायदा आहे. साबुदाणा ज्यापासून होतो त्या कसाव्याच्या कडू जातीत सायनाइड असतं. ॲमेझॉनमधल्या तुकानो बायका तो किसतात, धुतात, पिळतात, चोथा दोन दिवस ठेवतात, मग भाजतात. नुसतं उकडलं तरी कडूपणा जातो. म्हणून बाकीचा खटाटोप फुकटचा वाटेल. पण तो गाळला तर विष थोडं थोडं अंगात जात राहतं आणि त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. इथे स्वतःच्या अकलेने पायरी गाळणारा फसतो, आजीचं पाहून सगळं करणारा वाचतो.

चिंपांझीचं लक्ष मुख्यतः फळाकडे असतं; आपलं मूल रीतही उचलतं, तीही कारण कळण्याआधी. त्यामुळे एका पिढीची कमाई गळत नाही आणि पुढची पिढी तिच्यात भर घालते. भाषेची आणि शिकवण्याची जोड मिळाली की ही भर झपाट्याने वाढते.