मंद आचेचा पाठ : स्लो कुकर, गवताची पेटी आणि आपली गोधडी

परिसर अभ्यास शिकवताना अन्न, इंधन आणि उष्णता हे तीन विषय आपण बहुतेक वेळा वेगवेगळे शिकवतो. प्रत्यक्षात ते तिन्ही रोज सकाळी एकाच ओट्यावर भेटतात. आजचा पाठ त्यावरच आहे. एखादा पदार्थ भराभर न शिजवता, कमी आचेवर, तासन्‌तास ठेवून शिजवला तर काय होतं? ते सोयीचं कधी, आणि धोक्याचं कधी? हल्ली ऑनलाइन दुकानात स्लो कुकर सहज दिसतो, त्यामुळे पालकही विचारतात, "सर, घ्यावा का?" त्याचं उत्तर शेवटपर्यंत वाचल्यावर तुमचं तुम्हालाच मिळेल.

हा विषय वर्गात घेण्यामागे आणखी एक कारण आहे. मुलांना एकदा सहज विचारून बघा, "शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी जेवायला कोण वाढतं?" बरीच मुलं म्हणतात, "मीच घेतो. आई-पप्पा कामावर असतात." पुढचा प्रश्न विचारा, "मग गरम कसं करतोस?" तिसरी-चौथीतली लेकरं सांगतात की गॅस पेटवतो. हे ऐकल्यावर हा पाठ नुसता पुस्तकातला राहत नाही.

स्लो कुकर म्हणजे काय?

बाहेरून धातूचं भांडं, त्याच्या भिंतीत विजेची तार, आत चिनी मातीचं जड भांडं आणि वर झाकण. एवढंच. शिट्टी नाही, दाब नाही. साधारण १०० ते ३०० वॅट एवढ्या कमी विजेवर तो चालतो. आतला पदार्थ हळूहळू तापतो आणि काही तासांनी उकळीच्या जरा खाली, म्हणजे ९० ते ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन राहतो. बहुतेक कुकरवर 'लो' आणि 'हाय' अशी दोन बटणं असतात. 'लो'वर तापमान कायम कमी राहतं असा अनेकांचा समज असतो. खरं तर बऱ्याच कुकरमध्ये दोन्ही बटणांवर पदार्थ शेवटी जवळजवळ त्याच तापमानाला पोचतो, फक्त 'लो'वर तिथं जायला जास्त वेळ लागतो.

आता प्रेशर कुकर आठवा. त्यात वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. म्हणून डाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजते. मुलांना एका वाक्यात सांगता येतं : प्रेशर कुकर तापमान वाढवून वेळ वाचवतो, स्लो कुकर वेळ देऊन काम करतो.

थोडा इतिहास

स्लो कुकरची गोष्ट अमेरिकेत सुरू होते, पण तिचं मूळ युरोपात लिथुआनियात आहे. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या संशोधकाला त्याच्या आईने तिकडची एक आठवण सांगितली होती. ज्यू धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. मग शनिवारी गरम जेवण कसं मिळणार? शुक्रवारी सूर्यास्ताआधी घरोघरची भांडी गावातल्या बेकरीत नेऊन ठेवत. भट्टी विझत आलेली असे, पण तिच्या विटांत उष्णता मुरलेली असे. त्या उरलेल्या उष्णतेवर घेवड्याचे दाणे, धान्य आणि मांस घातलेला 'चोलंट' हा पदार्थ रात्रभर शिजे. हीच युक्ती विजेवर आणून नॅक्सनने भांडं बनवलं आणि १९४० साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये त्याचा धंदा रायव्हल कंपनीने विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने ते भांडं बाजारात आलं. घराबाहेर काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या तेव्हा अमेरिकेत वाढत होती. सकाळी भरून जायचं, संध्याकाळी येऊन वाढायचं, या सोयीमुळे ते घरोघरी गेलं.

(इथं एक जोड-माहिती द्या. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. इतिहास आणि भूगोल दोन्ही जोडले जातात.)

भारतातही असा प्रयत्न झालेला आहे. बंगालचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास 'इकमिक कुकर' तयार केला. एका उभ्या डब्यात एकावर एक पुडाचे डबे आणि खाली कोळशाची छोटी शेगडी. भात, डाळ, भाजी एकाच वेळी वाफेवर हळूहळू शिजे आणि जवळ बसून राहावं लागत नसे.

आणि आपल्या आजीची चूल? तिला शेजारी वैल असायचा. चुलीतला जाळ भाकरीसाठी, आणि तिकडून वैलाकडे जाणाऱ्या उष्णतेवर कालवण किंवा पाणी. गोवरीच्या आरावर दुपारभर ठेवलेलं दूध संध्याकाळी लालसर, दाट साय धरायचं. विझत्या निखाऱ्याचीही उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, हे गणित तिला कुणी शिकवलं नव्हतं. मुलांना गृहपाठ द्या : आजी-आजोबांना विचारा, वैलावर काय काय शिजायचं?

विजेशिवायचा स्लो कुकर

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पदार्थ एकदा उकळला की पुढे त्याला शिजवण्यासाठी नवीन उष्णता लागतेच असं नाही. आहे ती उष्णता बाहेर जाऊ दिली नाही तरी पुरते. याच तत्त्वावर युरोपात गवताची पेटी वापरत. लाकडी खोक्यात वाळलं गवत दाबून भरायचं, मध्ये उकळतं भांडं ठेवायचं, वरून गवताची उशी. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची अशी पेटी मांडली होती, आणि महायुद्धांच्या काळात इंधन वाचवण्यासाठी लोकांनी ती पुन्हा काढली.

आपल्याकडे गवताऐवजी भाताचा पेंढा, जुनी चादर किंवा गोधडी चालते. बांबूची पाटी किंवा पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाला व बाजूंनी चार बोटं जाडीचा थर हवा. वरून तर हवाच, कारण झाकणाकडून उष्णता भरपूर जाते.

वर्गातली कृती १ : गोधडी गरम असते का?

मुलांना विचारा, "बर्फ गोधडीत गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा?" जवळजवळ सगळे "लवकर" म्हणतात, कारण गोधडी 'गरम' असते! मग सारख्या आकाराचे बर्फाचे दोन खडे पिशवीत घालून एक उघडा ठेवा, एक गोधडीत. उघडा आधी वितळतो. इथं मुलांचा गोंधळ होतो आणि तो होऊ द्या. मग आठवण करून द्या की बर्फवाले बर्फ लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात का ठेवतात. गोधडी उष्णता तयार करत नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते, त्यामुळे उष्णता आत-बाहेर लवकर जाऊ शकत नाही. थंड वस्तू थंड राहते, गरम वस्तू गरम.

वर्गातली कृती २ : तीन डबे

सारखे तीन स्टीलचे डबे घ्या. शिक्षकांनी स्वतः प्रत्येकात सारखंच कडक पाणी ओतावं. एक डबा उघड्यावर, एक वर्तमानपत्रात गुंडाळून, एक गोधडीच्या पाटीत. दर अर्ध्या तासाने तापमान मोजा आणि फळ्यावर तक्ता भरा. पाचवीच्या मुलांकडून आलेख काढून घ्या. एक सूचना : तापाचा थर्मामीटर वापरू नका. तो साधारण ४२ अंशांपर्यंतच असतो, कडक पाण्यात फुटेल. प्रयोगशाळेचा ११० अंशांपर्यंतचा घ्या.

वेळ असेल तर चौथा, अर्धाच भरलेला डबा गोधडीत ठेवा. तो लवकर निवतो. म्हणजे पेटीत भांडं नेहमी भरलेलं हवं, हे मुलांना आपोआप कळतं.

गणित : खरंच बचत होते का?

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की १ युनिट. आता मुलांकडून काढून घ्या :

- २०० वॅटचा स्लो कुकर ८ तास : २०० × ८ = १६०० वॅट-तास, म्हणजे १.६ युनिट
- १५०० वॅटच्या इंडक्शनवर प्रेशर कुकर २० मिनिटं : ०.५ युनिट
- त्याच इंडक्शनवर १५ मिनिटं उकळून गोधडीच्या पेटीत : ०.३७५ युनिट, पुढे शून्य

म्हणजे स्लो कुकर कमी वॅटचा असला तरी वीज वाचवतोच असं नाही. तो वाचवतो ते आपलं लक्ष. पालकांनी घेण्याआधी हा फरक ध्यानात ठेवावा. नुसत्या वरणासाठी प्रेशर कुकरच बरा.

घरी करून बघण्यासारखे तीन पदार्थ

*१. पेटीतली मुगाची खिचडी.* १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ धुऊन घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात फोडणी करून त्यात परता, साडेतीन ते चार वाट्या उकळतं पाणी, हळद, मीठ घाला. झाकण ठेवून ७-८ मिनिटं खळखळून उकळा. झाकण न उघडता पातेलं तसंच पेटीत ठेवा. दीड तासात खिचडी मऊ होते. खाली लागत नाही, उतू जात नाही.

*२. स्लो कुकरमधली हरभऱ्याची उसळ.* हरभरे रात्रभर भिजवा. पाणी बदलून गॅसवर १० मिनिटं उकळा, मग कुकरमध्ये 'लो'वर ६ ते ८ तास. फोडणी वेगळी करूनच घाला. स्लो कुकर १०० अंशांच्या वर जात नाही, त्यात मोहरी तडतडणार नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो शेवटी घाला. आंबट घातलं की कडधान्याची साल मऊ व्हायला फार वेळ लागतो. आधी आंबट घातलं तर आठ तासांनीही दाणा कडकच राहतो.

*३. खपली गव्हाची खीर.* सातारा-सांगली-कोल्हापूरकडची. सडलेले गहू रात्रभर भिजवून, एक उकळी काढून, भरपूर पाण्यात कुकरमध्ये ६-७ तास. गहू फुलून बोटाने चेपले की मगच गूळ, वेलची, खोबरं. दूध घालायचं तर खीर निवल्यावर, नाहीतर गुळामुळे फाटतं. जी खीर ढवळत दोन तास उभं राहावं लागतं, तिला इथं उभं राहावं लागत नाही. स्लो कुकर खरा उपयोगी पडतो तो इथंच.

हे नक्की वाचा : सुरक्षितता

पालकांच्या सभेतसुद्धा एवढा भाग वाचून दाखवावा.

१. राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरे होतात. ८० अंशांच्या आसपास नुसता गरम केला तर हा त्रास कमी होण्याऐवजी वाढू शकतो. म्हणून राजमा किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, आणि मगच मंद आचेवर. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजलेल्या राजम्याला हा प्रश्न नाही.

२. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा. या तापमानात जंतू भराभर वाढतात. पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त त्यात राहू नये. म्हणून फ्रीजमधलं गोठलेलं मटण तसंच कुकरमध्ये टाकू नका, आणि रात्रीचं शिळं गरम करायला स्लो कुकर वापरू नका. आधी गॅसवर उकळा.

३. लोडशेडिंग. तुमच्या गावात दुपारी चार-चार तास वीज जात असेल आणि घरी कुणी नसेल, तर स्लो कुकर भरून जाऊ नका. संध्याकाळी वीज परत येईल, कुकर पुन्हा गरम होईल आणि मधे काय झालं ते कळणारही नाही. जंतूंनी तयार केलेली काही विषं पुन्हा उकळूनही जात नाहीत.

४. पेटीची मर्यादा. पेटीतलं अन्न चार तासांच्या आत खावं. उघडल्यावर वाफ यायला हवी आणि भांड्याला हात लावताच मागे घ्यावासा वाटला पाहिजे. कोमट लागलं तर लहान मुलाला देऊ नका. मटण-चिकन पेटीत करू नका.

५. सारखं झाकण उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात.

शेवटी पालकांसाठी

आईने शनिवारी साडेआठला खिचडी उकळून पाटीत ठेवली, तर बारा वाजता आलेल्या मुलाला ती गरम मिळते. त्याने गॅसचं बटण फिरवायचं नाही. भांडं जड नको, आणि पाटी ओट्यावर न ठेवता जमिनीवर ठेवा, म्हणजे वाढून घेताना अंगावर सांडणार नाही. झाकण स्वतःकडून पलीकडे उघडायचं, हे त्याला आधी दोनदा समोर करून दाखवा. शाळा पाचला सुटते त्या दिवसांसाठी मात्र हा उपाय नाही. तेवढ्या वेळात पेटी निवते. त्या दिवशी गार चालेल असं काही ठेवा : भाकरी-चटणी, दशमी, शेंगदाणा लाडू.

मुलांसाठी प्रश्न

१. गोधडी बर्फालाही आणि खिचडीलाही कशी उपयोगी पडते?
२. तुमच्या घरी कोणत्या पदार्थाला सगळ्यात जास्त वेळ लागतो? का?
३. १२० वॅटचा कुकर १० तास चालला तर किती युनिट?
४. राजमा भिजवलेलं पाणी का फेकायचं?

कृती २ चा तक्ता तुमच्या वर्गात भरला की जरूर कळवा. पेंढा, गोधडी आणि कागद यांत कोण जिंकतं ते गावोगावच्या मुलांना एकमेकांचं बघायला आवडेल.