हलव्याचे दागिने : साखरेची एक कला

लग्नाच्या केकवर साखरेची फुले मांडण्याची पद्धत पाश्चात्त्यांची. बारीक दळलेली साखर आणि डिंक मळून त्याची पाकळी लाटायची, वाळवायची, आणि असे एकेक फूल उभे करायचे. उल्हासनगर-अंबरनाथच्या बेकऱ्यांतूनही आता असे केक दिसतात. पण नव्या नवरीला साखरेने सजवण्याची आपली स्वतःची एक कला आहे, आणि ती अधिक कष्टाची आहे. ती म्हणजे हलव्याचे दागिने. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सून काळी चंद्रकळा नेसते आणि अंगावर हलव्याचे दागिने घालते, हे सर्वांना ठाऊक असते. ते होतात कसे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून हा लेख.

प्रथम हलवा. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळी आणावी. चमचाभर दूध घातले की मळी वर येते, ती काढून टाकावी. पाक एकतारीच्या जरा अलीकडे उतरवावा. त्यात लिंबू पिळू नये, कारण आंबटाबरोबर उकळलेल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते व पाक चिकट राहतो. मंद निखाऱ्यावर परात ठेवून त्यात दोन चमचे निवडलेले तीळ घ्यावेत. त्यांवर चमचाभर पाक सोडावा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी तीळ हलवत राहावे. सुकला की पुन्हा चमचाभर. खाली साचलेली पिठी चाळून काढावी, नाहीतर दाणे एकमेकांना चिकटतात. असे तीन-चार दिवस चालते. तिळाऐवजी खसखस, साबुदाणा, लवंग, भोपळ्याची बी असे काहीही घेता येते. दागिन्यात लहान-मोठे दाणे लागतात ते असे मिळतात.

यामागचे शास्त्र सोपे आहे. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून अधिक. परातीत पाण्याची वाफ झाली की जास्तीची साखर बाहेर पडते आणि आधार शोधते. तीळ हा तो आधार. हात जोरात चोळला तर दाणा गुळगुळीत होतो. हलका फिरवला तर काटा धरतो. असेच काटे असलेली ‘कोंपेइतो’ नावाची साखर जपानात होते. ती तेथे पोर्तुगिजांनी नेली. १५६९ साली लुईश फ्रोइश या धर्मप्रसारकाने ती ओदा नोबुनागा या सरदाराला भेट दिली होती. तिला शिंगे का फुटतात, या प्रश्नावर तोराहिको तेरादा या पदार्थशास्त्रज्ञाने विचार केला. आपल्याकडच्या बायकांनी मात्र तो प्रश्न बोटांनीच सोडवला होता.

हवेचेही महत्त्व आहे. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की साखर पाणी ओढू लागते. म्हणून पावसाळ्यात हलवा होत नाही. आमच्या बदलापूरला पौषात कोरडी थंडी पडते, तेव्हा काटा चांगला येतो.

आता दागिने. दाण्याला भोक पाडले तर तो फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास दाण्याभोवती टाकून गाठ ओढायची. काट्यांमुळे फास सरकत नाही. कर्णफुलासाठी मध्ये एक केशरी मोठा दाणा व भोवती पाच-सहा पांढरे बसवावेत. असेच तन्मणी, नथ, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी, आणि जावयासाठी हार व नारळ. हल्ली पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून दाणे गोंदाने चिकटवतात. ते झटपट होते, पण तो हलवा खाऊ नये.

उल्हासनगर १९४९ साली वसले ते सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी. त्यांच्याकडे सोयरीक ठरते तेव्हा ‘कच्ची मिश्री’ आणि मग ‘पक्की मिश्री’ होते. म्हणजे त्यांचाही शब्द खडीसाखरेने पक्का होतो. रुळाच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या दोन समाजांनी लग्नाच्या गोडव्याला साखरेच्या स्फटिकाचीच खूण मानावी, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

परंतु या गोडव्याला एक कडू बाजू आहे. ही कला मी आजीकडून शिकले. ती ऐन तिशीत विधवा झाली आणि पुढे हलवा करून तिने तीन मुले वाढवली. परातीच्या चटक्यांनी तिच्या बोटांची टोके कडक झाली होती. ऊन-गार तिला बोटांना कळत नसे. आळीतल्या कितीतरी सुना तिने केलेले दागिने घालून बसल्या. त्या हळदीकुंकवाला आजीला मात्र बोलावणे नसे. दागिने मागच्या दाराने जात, आणि पैसेही मागच्या दारानेच येत. ती कधी बोलली नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, “काटा बघ कसा आलाय.”

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ठरावाने मन एका दिवसात बदलत नाही हे खरे. पण पाकसुद्धा एका दिवसात काटा धरत नाही. चमचा चमचा घालावा लागतो.

मैत्रिणींनो, ही कला जरूर शिका. खर्च थोडा आहे, चिकाटी मात्र फार हवी. विकत घेणार असाल तर दाण्यांमागचे दिवस मोजा आणि घासाघीस करू नका. आणि जिने दागिने केले तिला, ती सवाष्ण असो वा नसो, हळदीकुंकवाच्या पहिल्या पाटावर बसवा. तिळगूळ घ्या, गोड बोला, हे तिलाही म्हणायला हवे.