गुलाबाचा हातगुच्छ : बांधणी आणि मूल्यवृद्धी

पुष्पशेतीचा विचार आपल्याकडे बहुधा पॉलिहाऊस, कर्ज आणि निर्यात या तीन शब्दांत आटोपतो. मावळातील तळेगाव दाभाडे असो की तामिळनाडूतील होसूर, गुलाब उत्पादकांची बरीचशी गणिते १४ फेब्रुवारीच्या मागणीभोवती मांडली जातात. तो दिवस सरला की भाव उतरतात आणि नाशवंत मालाला थांबण्याची मुभा नसते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर तोडलेली फुले फेकून द्यावी लागली. केवळ फूल न विकता बांधलेला गुच्छ विकणे, हा मार्ग म्हणूनच गांभीर्याने तपासावयास हवा.

गुलाबाची प्रतवारी प्रामुख्याने दांड्याच्या लांबीवरून होते. लांब दांड्याला भाव मिळतो, आखूड दांडा मागे पडतो. हातगुच्छात मात्र सर्व दांडे अखेरीस छाटून सारखे केले जातात. त्यामुळे चाळीस सेंटिमीटरचे फूलही तेथे उणे ठरत नाही. उत्पादकाच्या दृष्टीने खरा लाभ येथे आहे.

बांधणीस यंत्र लागत नाही, सराव लागतो. पहिले फूल उभे धरावे. पुढील प्रत्येक दांडा त्यावर तिरका, एकाच दिशेने ठेवीत जावे आणि दोन-तीन दांड्यांनंतर जुडी मुठीत किंचित फिरवावी. दांडे जेथे एकमेकांना छेदतात तेथेच सुतळीने किंवा केळीच्या सोपटाने बांधावे. एखादा दांडा उलट दिशेने गेला, तर बंध आवळताना तो हमखास मोडतो. सर्व दांडे नीट तिरके बसले असतील, तर छाटलेला गुच्छ मेजावर आधाराविना उभा राहतो; कारागिराची हीच परीक्षा. बंधाखालील पाने व काटे आधीच काढावेत. पाण्यात बुडालेले पान कुजते, जिवाणू वाढतात, दांड्यातील जलवाहिन्या तुंबतात आणि फूल मान टाकते.

हिरवाईकडे सजावट म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. कामिनीची डहाळी, अ‍ॅस्परॅगस किंवा नेचा फुलांमध्ये अंतर राखतो, पाकळ्या घासू देत नाही आणि थोड्या फुलांत गुच्छ भरीव करतो. (शहरांतील काही दुकानांत ही उणीव प्लास्टिकच्या वेष्टनाने झाकतात, त्यात शेतकऱ्याचा वाटा शून्य.) शिवाय कामिनी उघड्यावर, बांधावरही वाढते, नेच्याला सावलीची जाळी पुरते. ज्या अल्पभूधारकास पॉलिहाऊसचे कर्ज पेलणार नाही, त्याला या व्यवसायात शिरण्याचे दार हिरवाईतूनच उघडते. महिला बचत गटांनाही ते खुले आहे.

एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी लागेल. बांधलेला गुच्छ जागा अधिक व्यापतो आणि लांबच्या प्रवासात दबतो. पुणे-मुंबईच्या जवळच्या गावांनी बांधणी हाती घ्यावी. दूरच्या गावांनी फुले व हिरवाई वेगवेगळी, ओल्या कागदात गुंडाळून आणि शक्यतो रात्रीच्या गारव्यात पाठवावी.