हरिहर नको, राजगड धर

चि. ओवीस,


कॉलेजच्या भटकंती क्लबने यंदा तुला ट्रेकप्रमुख केल्याचं ताईकडून कळलं. छान वाटलं. पण तिने तुझं पोस्टरही पुढे पाठवलं: ऑगस्टचा दुसरा रविवार, हरिहर, 45 जागा, नवख्यांचं स्वागत. ते पाहून लिहायला बसले. फोन केला असता तर ‘हो गं मावशी’ म्हणून तू मोकळी झाली असतीस.

हरिहरच्या देखणेपणाबद्दल वाद नाही. त्र्यंबकच्या बाजूच्या त्या कातळकोरीव पायऱ्या रील्समुळे आता सगळ्यांना पाठ झाल्यात. 1818 साली कॅप्टन ब्रिग्जने त्या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा मोडल्या, पण या पायऱ्या पाहून त्याचा हात थांबला, असं सांगतात. पायऱ्या जवळजवळ उभ्या, जेमतेम एका माणसापुरत्या, आणि उतरायला पुन्हा त्याच. आता हिशोब कर. एकामागे एक सोडताना दोन मिनिटांचं अंतर ठेवलं तरी 45 जणांना दीड तास. उतरताना तोंड कातळाकडे करून पाय चाचपत यायचं, म्हणजे त्याहून जास्त. त्यात पावसाळी रविवार, शेवाळलेला दगड आणि समोरून येणारे दुसरे तीन ग्रुप. अर्ध्यावर एखादीचे पाय लटपटले तर तिला बाजूला बसवायलाही तिथे जागा नाही. सराव असलेल्या आठ जणांना घेऊन कधीतरी आडवारी जा, मी अडवणार नाही.

वर्षाचा पहिला ट्रेक नोव्हेंबर संपताना राजगडला ने, आणि 25 वर यादी बंद कर. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट जवळची असली तरी शेवटी खडी आहे, तिथे मोठा गट हमखास तुंबतो. पालीची वाट राजमार्गाची. रुंद आहे, पायऱ्या आहेत, दमलेला माणूस कुठेही बसू शकतो. चढायला तीच आणि उतरायलाही तीच. ‘जाताना एक, येताना दुसरी’ ऐकायला झकास वाटतं, पण संध्याकाळी थकलेल्या नवख्यांना अनोळखी वाटेने उतरवायचं कशाला?

वेळेचा अंदाज गूगलवरून घेऊ नकोस. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला: सपाटीच्या पाच किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर 600 मीटरला आणखी एक. तो सरावलेल्या माणसाचा, विश्रांती न धरता. कॉलेजच्या गटासाठी मी सरळ दुप्पट धरते. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे साडेचारला सगळे खाली हवेत आणि दोनला माचीवरून परतीला लागायला हवं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला एका दिवसात उरकायची हौस नवख्या गटाबरोबर भागत नाही. बालेकिल्ल्याची चढण अरुंद आहे, गर्दी दिसली तर सोडून दे आणि एक माची निवांत दाखव.

ही दोनची वेळ निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेव, आणि मला खरं तर हेच सांगायचंय. सगळे कडू निर्णय घरी, कागदावर घे. वर गेल्यावर तुझ्याभोवती तुझेच वर्गमित्र असतात. पगारी लीडरला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, पण ज्याच्याबरोबर उद्या कॅन्टीनमध्ये चहा प्यायचाय त्याला ‘टाक्यात उतरायचं नाही’ सांगताना जीभ अडते. ‘दहाच मिनिटं गं’ म्हणणारा प्रत्येक गटात असतोच. आधी ठरलेलं असलं की तुला वाद घालावा लागत नाही, नुसती आठवण करून द्यायची. पाण्यात उतरणं, दारू, तटाच्या कडेवर उभं राहून फोटो, हे तिन्ही नाव नोंदवतानाच बंद म्हणून सांग. ज्याला जाच वाटेल तो येणार नाही आणि तुझं काम हलकं होईल.

आधी दोन-तीन जणांनी जाऊन रेकी करायचीच. मागच्या वर्षीच्या लीडरने ‘वाट सोपी आहे’ म्हटलं, एवढ्यावर जाऊ नकोस. ढोरवाटा कुठे फुटतात, बस कुठे वळते, फोनची रेंज कुठे जाते, पाण्याची काय स्थिती आहे, हे डोळ्यांनी बघ. गावात एखाद्या घरी बोलून पिठलं-भाकरीचं आणि मुलींसाठी न्हाणीघराचं विचारून ठेव. ही शेवटची गोष्ट मुलगे लीडर असले की कुणाच्या ध्यानात येत नाही, मग मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन बसतात. डोंगरात काही झालं तर सगळ्यात आधी धावून येतो तो गावकरी. त्याच्याशी ओळख फक्त भाकरीच्या दरापुरती ठेवू नकोस.

चालताना पुढे वाट माहीत असलेला एक, सगळ्यात मागे एक, आणि मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. तू स्वतः मागे राहा. पुढे चालणाऱ्याला वाट दिसते, गट मागच्यालाच दिसतो. दर फाट्यावर थांबून मोजणी करायची. आणि मागचे पोचले की पुढच्यांनी लगेच उठायचं नाही. नाहीतर ज्यांना विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ती मिळत नाही.

नोंदणीच्या फॉर्मवर रक्तगट सगळेच विचारतात. तू दमा, फिट्स, मधुमेह, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आणि रोजची औषधं विचार. ही यादी कागदावर घे. दुसरी प्रत पुण्यात एका जबाबदार माणसाकडे दे आणि ‘रात्री नऊपर्यंत माझा फोन आला नाही तर अमुक करा’ असं सांगून जा. 112 आणि 108 ठाऊक असतीलच. शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर काढून यादीच्या माथ्यावर लिही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. माणसाला न चालवता, धीर देत दवाखान्यात न्यायचं. कातळाला आग्या मोहोळं लटकलेली दिसली तर परफ्यूम, धूर आणि आरडाओरडा हे तिन्ही लांब ठेव. पाणी माणशी तीन लिटर, सॅक उघडून तपास.

पैशाचा हिशोब परतल्यावर आठवड्याच्या आत क्लबसमोर मांड. क्लब डोंगरावर क्वचितच फुटतो, बसच्या उरलेल्या आठशे रुपयांवरून फुटतो.

सध्या एवढंच कर: ते पोस्टर आज रात्रीच काढ आणि ज्यांनी पैसे भरलेत त्यांना परत कर. चार जण नाराज होतील, होऊ देत. रेकीला शनिवार धरणार असशील तर मीही येते, पण सहाची बस गाठायची. मला नसरापूर फाट्यावर चहाला थांबायला लागतं.

तुझी,
सुमामावशी