धावत्या एसटीचे छायाचित्र

समजा, पवनी तालुक्यातील कोंढा गावी रस्त्यापासून दूर उभे राहून तुम्ही समोरून जाणाऱ्या एसटीचे छायाचित्र घेतले. मागची झाडे स्पष्ट आली. गाडीच्या बाजूवर रंगवलेला क्रमांक मात्र पुसट! छंद म्हणून एसटीची चित्रे जमवणाऱ्याला हाच क्रमांक हवा असतो. ‘एमएच ४०’ ही नोंदणी नागपूर ग्रामीणची. तेव्हा ती गाडी बहुधा नागपूरजवळच्या हिंगणा कार्यशाळेत बांधलेली. गाडी मोडीत निघाली की तिची ओळख अशा चित्रातच उरते.

दोष भिंगाचा नाही. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. कॅमेऱ्याने १/५० सेकंद प्रकाश घेतला, तर तेवढ्यात गाडी २० सेंटिमीटर पुढे सरकते. अंकांच्या रेघा जेमतेम १ सेंटिमीटर जाड; त्या एकमेकींत मिसळणारच! हे टाळायला १/१००० सेकंद हवा. पण मग प्रकाशही विसावा हिस्साच मिळतो, म्हणून ऊन लख्ख पाहिजे.

आभाळ भरून आले असेल तर? गाडी दृष्टिरेषेशी ३० अंशांचा कोन करून येत असताना चित्र घ्या. आडवी सरक निम्मी होते, कारण ३० अंशांची ज्या १/२ आहे.

आणखी एक युक्ती आहे. गाडीच्या वेगाने कॅमेराही वळवत राहा. आता कॅमेऱ्याच्या दृष्टीने गाडी स्थिर आणि झाडे धावती! गाडी रेखीव येते, झाडांचे पट्टे होतात. पहिली दहा चित्रे बिघडतील. ती पुसू नका, प्रत्येकीवरून सरक मोजून गाडीचा वेग काढून पाहा.