जुने चित्र फाटले तर...



तुमच्यापैकी काहींच्या देवघरात किंवा माळ्यावर राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीचे चित्र असेल. आपल्या बडोद्याशी या चित्रांचे जुने नाते आहे. रविवर्मांनी सयाजीराव महाराजांसाठी चित्रे रंगवली, आणि चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात असे त्यांना सुचवणारे सर टी. माधवराव हे बडोद्याचे माजी दिवाण. पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून एकाच कागदावर एकेक रंग चढवत जात.

असा जुना कागद पिवळा व ठिसूळ का होतो? लाकडाच्या लगद्यातील लिग्निन उजेडाने व हवेने पिवळे पडते. शाई फुटू नये म्हणून कारखान्यात राळ आणि तुरटी घालत. त्यातून होणारे आम्ल कागदाचे धागे हळूहळू तोडते.

आमच्या घरची सरस्वती वीणेपाशी फाटली, तेव्हा मी मागून सेलोटेप लावला. मोठे काम केल्यासारखे वाटले होते! काही वर्षांनी पट्टी गळून पडली, पण तिचा गोंद कागदात मुरून पुढच्या बाजूला तपकिरी पट्टा उमटला. तो आजही आहे. म्हणून सांगतो, सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा काढता येत नाही, आणि केलेली दुरुस्ती पुढे सोडवता आली पाहिजे हा या कामातला पहिला नियम.

जाणकार आधी मऊ ब्रशने धूळ झाडतात. मग एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब टेकवून, तो टिपकागदाने टिपून रंग सुटतो का ते पाहतात. फाटलेल्या कडा जुळवून मागून पातळ जपानी कागदाची पट्टी लावतात. ही पट्टी कात्रीने कापत नाहीत, हाताने फाडतात; कडेचे मोकळे धागे जुन्या कागदाला चांगले धरतात आणि पुढून कड दिसत नाही. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. (कुरडयांसाठी आई गहू भिजवून काढते तेच सत्त्व, पण त्यात मीठ-हिंग नाही!) वर टिपकागद व वजन ठेवून सावकाश वाळू देतात.

मात्र रविवर्मा छापाच्या अनेक चित्रांवर व्हार्निश असते. त्यांना घरी पाणी लावू नका. पालकांनी जाणकाराचा सल्ला घ्यावा. आपल्या विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा विभाग आहे, तेथे विचारता येईल.

घरी एवढे जरूर करता येईल. फ्रेमची काच चित्राला टेकू देऊ नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. मागचे प्लायवूड काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा. चित्र उन्हाच्या आणि ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नये. पावसाळ्यात मागे कसर लागली आहे का, तेही पाहावे.

तुकडा निघाला असेल तर टाकू नका, पाकिटात घालून चित्राबरोबर ठेवा. आमच्या सरस्वतीच्या वीणेचा एक खुंटा असाच पाकिटात आहे.