घरातील अन्नसुरक्षेचे मापन : राहुरी तालुक्याच्या संदर्भात काही विचार

साहाय्य योजनेत धान्याची किती पोती वाटली गेली, याचा हिशेब नोंदवहीत मिळतो. त्या धान्यामुळे घरातील माणसांच्या ताटात काय पडले, हे मात्र नोंदवहीवरून कळत नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर राबत होते. त्या काळात सुकडी वाटली गेली, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळाली. उपासमार टळणे हे तेव्हाचे पहिले उद्दिष्ट होते. १९९६ साली रोम येथील जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेचा अर्थ अधिक व्यापक केला. सर्वांना, सर्व काळ, पुरेसे, सुरक्षित व पोषक अन्न मिळणे म्हणजे अन्नसुरक्षा होय. हे मोजावयाचे कसे, हा ग्रामपंचायतीपुढीलही प्रश्न आहे.

मापनाची साधने

पहिले साधन म्हणजे अनुभवाविषयीची प्रश्नावली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या प्रश्नावलीत ८ प्रश्न आहेत. अन्न संपेल अशी चिंता वाटली काय, येथपासून दिवसभर उपाशी राहावे लागले काय, येथपर्यंत ते जातात.

दुसरे साधन जागतिक अन्न कार्यक्रमाचे. यात मागील ७ दिवसांत कोणता अन्नगट किती दिवस खाल्ला हे विचारून प्रत्येक गटाला भार देतात. धान्याला २, डाळींना ३, भाजी व फळे यांना प्रत्येकी १, दूध तसेच मांस-मासे-अंडी यांना प्रत्येकी ४, साखर व तेल यांना प्रत्येकी अर्धा. जेथे तेल व साखर रोजच्या वापरात असतात, तेथे २८ पर्यंत गुण म्हणजे निकृष्ट आहार, त्यापुढे ४२ पर्यंत सीमेवरचा आणि ४२ च्या वर स्वीकारार्ह आहार मानतात.

चहातील दूध

राहुरी तालुक्यातील एका शेतमजूर कुटुंबाचे उदाहरण कल्पू या. आठवडाभर रोज भाकरी (१४ गुण), दोन दिवस डाळ (६), तीन दिवस भाजी (३), एक दिवस दूध-भाकरी (४), आणि रोज तेल व साखर (७). बेरीज ३४ झाली, म्हणजे कुटुंब सीमेवरचे ठरले. या घरी चहा मात्र रोज होतो. प्रगणकाने चहातील चमचाभर दूध ‘रोज दूध’ असे लिहिले, तर दुधाचे गुण ४ ऐवजी २८ होतात आणि बेरीज ५८ वर जाते. ताटात काही वाढले नाही, तरी कागदावर कुटुंब सुस्थितीत आले आणि साहाय्याच्या यादीतून बाहेर पडण्याची वेळ आली. म्हणूनच चवीपुरते घातलेले पदार्थ या हिशेबात धरावयाचे नसतात. गोठ्यात गाय आहे, यावरूनही घरात दूध प्याले जाते असे समजू नये. ते बहुधा डेअरीवर जाते.

केव्हा व कोणाला विचारावे

बाजरीची काढणी झाल्यानंतरचे उत्तर आणि श्रावण-भाद्रपदातील उत्तर एकच नसते. म्हणून तुलना करावयाची तर ती दोन्ही वर्षी एकाच महिन्यात करावी. केवळ आदल्या दिवसाचा आहार विचारावयाचा असेल, तर सणाचा, उपवासाचा किंवा लग्नकार्याचा दिवस टाळावा. हंगामात ऊसतोडणी कामगार कोप्यांवर राहतात. त्यांच्या गावी दाराला कुलूप असते आणि कारखान्याच्या परिसरातील गावाच्या यादीत त्यांचे नाव नसते. त्यांची मोजणी स्वतंत्रपणेच केली पाहिजे.

कुटुंबाची सरासरी घरातील विषमता झाकते. अनेक घरांत स्त्री शेवटी जेवते. यासाठी १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना आदल्या दिवसाचा आहार वेगळा विचारतात. १० अन्नगटांपैकी किमान ५ गट आले, तर त्या समूहात पोषणद्रव्ये पुरेशी मिळण्याची शक्यता अधिक समजतात.

मापनाची मर्यादा

अन्नगटांच्या मोजणीत धान्याचा कस दिसत नाही. महात्मा फुले कृषि विद्यापीठ व इक्रिसॅट यांच्या सहकार्यातून पुढे आलेल्या ‘धनशक्ती’ बाजरीत लोहाचे प्रमाण अधिक आहे. तथापि तिची भाकरी खाल्ली तरी गुण साध्या भाकरीइतकेच मिळतात. अशा वाणाचा उपयोग झाला की नाही, हे रक्तातील हिमोग्लोबिन तपासूनच पाहावे लागेल.

आणखी एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. उत्तरावर लाभ अवलंबून आहे अशी समजूत झाली, तर उत्तर बदलते. म्हणून पाहणी व लाभार्थींची निवड ही कामे वेगवेगळी ठेवावीत आणि तसे घरोघरी प्रथमच सांगावे. शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामसेवक यांनी एकाच अर्थाने प्रश्न विचारले आणि पाहणीचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवले, तर कोणत्या वस्तीत काय कमी पडते हे गावाला कळेल. साहाय्याची दिशा त्यावरून ठरविता येईल.